मत तुमचे, मुखत्यारी कोणाची?

ब्लॉकचेनच्या कारभारात खरी लोकशाही आली आहे, असे तंत्रज्ञानातली तरुण मंडळी मला उत्साहाने सांगतात. अध्यक्ष नाही, संचालक मंडळ नाही. टोकन ज्याच्याकडे, मत त्याचे. ज्याला वेळ नाही त्याने आपले मत एखाद्या जाणकार प्रतिनिधीकडे, म्हणजे डेलिगेटकडे, सोपवावे. टोकन स्वतःच्याच खात्यात राहते, फक्त मताचा अधिकार जातो आणि तो केव्हाही परत घेता येतो. ऐकायला छान आहे. पण परत घेतो कोण?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ही लोकशाही माणसांची नाही, टोकनांची आहे. आपल्या सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. इथे दहा लाख टोकनवाल्याची दहा लाख मते. त्यामुळे लहान धारकाचे बळ एकत्र येण्यातच आहे आणि एकत्र येण्याचे साधन म्हणजे प्रतिनिधी. म्हणून माझा विरोध प्रतिनिधीला नाही. मुखत्यारपत्र लिहून दिले की आपली जबाबदारी संपली, या समजुतीला आहे.

स्टीम नावाच्या ब्लॉकचेनचे पाहा. तिथे टोकनधारक मते देऊन 20 प्रमुख ‘विटनेस’ निवडत आणि साखळीचा कारभार ते चालवत. 2020 च्या सुरुवातीला जस्टिन सन यांनी स्टीमिट ही कंपनी विकत घेतली. कंपनीकडे टोकनांचा मोठा साठा होता. तो मतदानात वापरला जाईल या भीतीने विटनेसनी तो गोठवला. हे योग्य होते का, यावर वाद होऊ शकतो. पण मार्चमध्ये जे घडले त्यावर वाद कसला? बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्सचेंजनी ग्राहकांनी ठेवलेली टोकने मतदानाला लावली आणि निवडून आलेले विटनेस हटवले गेले. ग्राहकाने टोकन ठेवायला दिले होते, मत द्यायला नव्हे. आपल्या घरात याला अमानतीत खयानत म्हणतात. टीका झाल्यावर बायनान्सने मते मागे घेतली, पण तोवर समाज दुभंगला होता. 20 मार्च 2020 रोजी अनेकांनी वेगळी होऊन ‘हाइव्ह’ ही नवी साखळी सुरू केली.

दुसरे उदाहरण कंपाऊंडचे. जुलै 2024 मध्ये तिथे एक प्रस्ताव आला : खजिन्यातली 4,99,000 टोकने, म्हणजे सुमारे 2.4 कोटी डॉलर, एका गटाने बनवलेल्या योजनेत घालावीत. बाजूने 6,82,191 आणि विरोधात 6,33,636 मते पडून तो मंजूर झाला. एकूण टोकने 1 कोटी. त्यातली न वाटलेली सोडली, तरी बहुतेक टोकने गप्पच होती. पन्नास हजारांहून कमी मतांनी खजिन्याचा फैसला झाला. पुढे ओरड झाली, तडजोड झाली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. पण त्या गटाने कोणतेही कुलूप तोडले नव्हते. नियमाने मते गोळा केली आणि नियमाने जिंकले. दार उघडे ठेवले होते ते गप्प बसलेल्यांनी.

यावर उत्तर मिळते, ‘आवडले नाही तर प्रतिनिधी बदला.’ पण अशा बहुतेक व्यवस्थांत मतांचे वजन मतदान सुरू होतानाच्या ब्लॉकवर मोजले जाते. प्रतिनिधीने चुकीचे मत दिलेले पाहून तुम्ही अधिकार काढून घेतलात, तरी त्या प्रस्तावापुरते ते मत गेलेले असते. म्हणजे जाग यायला हवी ती आधी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सोपवलेल्या मताला मुदत असावी. वर्षाने ते आपोआप परत यावे आणि प्रतिनिधीला ते पुन्हा मागावे लागावे. प्रत्येक मतामागचे कारण त्याने लिहावे, कोणाकडून पैसे घेतो तेही सांगावे. ठेवीदाराच्या स्पष्ट परवानगीशिवाय एक्सचेंजला मतदानाची बंदी असावी.

पण हे नियम मंजूर करायलाही मतच लागते. ज्यांच्या हाती आज गोळा झालेली मते आहेत, ते स्वतःहून ती परत करणार नाहीत. वाचकहो, तुमच्याकडे असे एखादे टोकन असेल तर आज एवढेच पाहा, तुमच्या नावाने गेल्या वर्षी कोण, कशाला ‘हो’ म्हणाले.