पेन्सिलीशेजारचा खडू

जून उजाडला की माझ्या दुकानात दोन पांढऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक येतं. एक पाटीवरची पेन्सिल, दुसरा मुंग्यांचा खडू. पाऊस लागतो, बिळांत पाणी शिरतं, मुंग्या तोंडात अंडी धरून भिंती चढायला लागतात; आणि त्याच दिवसांत पोरांच्या शाळा उघडतात. कोल्हापुरात किराणा विकायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढी वर्षं दोन्ही वस्तू मी काउंटरवर शेजारी-शेजारीच ठेवत होतो.

दोन वर्षांपूर्वी आजीबरोबर आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीनं फुटक्या पाकिटातला खडू उचलला आणि सरळ तोंडाकडे नेला. मी तिचा हात धरला, ती रडली, आजी माझ्यावरच चिडल्या. तिचं तरी काय चुकलं? लहानपणी पेन्सिल खाल्ली नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडायचा नाही. त्या रात्री मी त्या पाकिटावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. डेल्टामेथ्रिन. दुसऱ्या एका पाकिटावर सायपरमेथ्रिन. दोन्ही शेतात फवारतात त्या जातीची कीटकनाशकं. आणि आपण ती ओट्यावर, डब्यांच्या कडेनं, पोळपाटाच्या शेजारी ओढतो.

खडू ठेवणं मी बंद केलं. ‘मग मुंग्यांना करायचं काय, काका?’ हे ओघानं आलंच.

मला विचारताय ते बरं, कारण माझ्या दुकानात गुळाचे रवे असतात. गुळाला मुंगळे कसे लागतात हे म्हणीत वाचणं वेगळं आणि सकाळी शटर उघडून बघणं वेगळं. खायच्या मालावर औषध मारता येत नाही, म्हणून वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे गूळ घडवंचीवर असतो आणि घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. जुन्या घरांत दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली असायच्या, त्याच वाट्या. यातही खोड्या आहेत. पाण्यावर धूळ साचली की मुंग्यांना तो पूलच होतो. धूळ नसली तरी हलकी मुंगी पाण्यावरून तरून जाते, म्हणून भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे. मग पाणी तिला पेलत नाही. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचं, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील. आणि घडवंची भिंतीला टेकलेली नको. मी एकदा झाडू टेकवून घरी गेलो होतो. मुंग्या झाडूवरून आल्या.

मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांमुळे माझी हळद, लवंग, दालचिनी, कापूर बरा खपतो. तक्रार नाही. पण हळदीची रेघ पंख्याच्या वाऱ्यानं उडते आणि मुंग्या तिला वळसा घालतात. कापूर तर लहान मुलाच्या पोटात गेला तर विषच. कॅरमची बोरिक पावडर साखरेत कालवून ठेवतात, त्यानं मुंग्या मरतात हे खरं. थोडीच घातली तर कामकरी मुंग्या ती वारुळात नेऊन भरवतात. जास्त घातली तर वाटेतच मरतात. पण साखरेत कालवलेली पांढरी पावडर रांगत्या पोराच्या घरात ठेवायची? खनिज आहे म्हणून नैसर्गिक म्हणा, निरुपद्रवी म्हणू नका.

मुंगी रांगेत चालते ती शिस्त म्हणून नव्हे, वासामुळे. खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत वास सोडत जाते, बाकीच्या तो हुंगत येतात. एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1959 मध्ये लाल मुंग्यांच्या पोटातली तो वास सोडणारी ग्रंथी शोधली, तिचा रस काडीनं ओढला, तर मुंग्या त्याच रेघेवरून चालू लागल्या. म्हणजे दिसतील तेवढ्या मुंग्या चिरडल्या तरी वाट तशीच राहते. पुसायची ती वाट. साबणाचं पाणी किंवा पाणी घातलेलं व्हिनेगर फडक्यावर घेऊन, त्या जिथून निघतात त्या फटीपर्यंत पुसत जायचं आणि फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची.

हे पुसणं रोज रात्री करावं लागतं. घरात ते कोण करतं, हे मी वेगळं सांगायला नको. खडू न्यायला पुरुष यायचे, फडकं न्यायला आजवर एकही आला नाही.

खडूवर बंदी घाला असं मी म्हणत नाही, ज्याला हवा त्यानं न्यावा. पण तो पांढरा आणि बोटाएवढाच का असावा? गडद निळा करा, चौकोनी करा, कडू करा. पाटीच्या पेन्सिलीसारखा दिसणारा विषाचा तुकडा खाऊच्या दुकानात पेन्सिलीशेजारी मिळतो, आणि इतक्या वर्षांत हे मलाही खटकलं नव्हतं.

त्या आजी अजून येतात. परवा त्यांनी खडू मागितला, मी नाही म्हटलं. समोरच्या दुकानातून घेऊन गेल्या.