बोट त्यांचे, निर्णयही त्यांचाच

हल्ली काही ठिकाणी औषध-संशोधनाची संमती कागदाऐवजी टॅबवर घेतात. वडीलधाऱ्यांसाठी त्यावर अक्षरे मोठी करता येतात, माहिती पुन्हा ऐकवता येते. ही सोय चांगलीच. पण पडद्यावर बोट टेकले म्हणजे सारे समजले, असे आम्ही मानत नाही. २०१९ च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीत निरक्षर व्यक्तीला माहिती देताना निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. संमतीपत्राची प्रतही मिळाली पाहिजे. नकार दिला वा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. तेव्हा मुला-सुनांनो, घाईने तुम्हीच बटण दाबू नका. “काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा,” असे आई-वडिलांना विचारा. सांगता आले नाही, तर डॉक्टरांना पुन्हा समजावायला लावा. होकार-नकार मात्र त्यांचाच.