जिजाऊंचा करंडक, जिजाऊंच्या मुलखात

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुंबई



महिलांचा आशिया चषक २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला तीन मैदाने आली: अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना, नेरुळचे डी. वाय. पाटील आणि पुण्याचे बालेवाडी. बारा संघांची ही पहिलीच स्पर्धा. एवढ्या तोलाचे मैदान वऱ्हाडात नव्हते, हे मान्य. रुसवा त्याचा नाही.

भारतासाठी तर ती स्पर्धा सुरू होताच संपली. २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चिनी तैपेईविरुद्ध नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत, कारण करोना थेट संघाच्या मुक्कामी शिरला होता. सामना रद्द झाला, भारत बाहेर पडला आणि इराणविरुद्धचा निकालही हिशेबातून पुसला गेला. ६ फेब्रुवारीला नेरुळला चीनने ०-२ अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ हरवून चषक उचलला.

२०२२ ची जागा यजमान म्हणून मिळाली होती. पुढची मात्र पोरींनी कमावली. २०२५ च्या जून-जुलैत थायलंडमध्ये चियांग माईला झालेल्या पात्रता फेरीत त्यांनी मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० असे लोळवले. ५ जुलैला यजमान थायलंडवर २-१. त्यातले दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. भारत १९७९ आणि १९८३ मध्ये आशिया चषकाचा उपविजेता होता. पण पात्रता फेरी जिंकून आशिया चषक गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच खेप.

असा संघ घडतो तो राज्याराज्यांच्या सामन्यांतून. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे मणिपूरचा दबदबा आहे. त्या स्पर्धेच्या करंडकाला आता नाव आहे राजमाता जिजाबाईंचे. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे अकोल्याच्या शेजारी. नाव वऱ्हाडच्या लेकीचे आणि सामने भलतीकडे, हे वऱ्हाडाला खटकले तर नवल नाही.

दूरचे गाव, सोयी कमी, हे उत्तर आता चालणार नाही. २०२५ मध्ये याच करंडकाची अंतिम फेरी झाली ती छत्तीसगडमधल्या नारायणपूरला, रामकृष्ण मिशन आश्रमाच्या मैदानावर. बस्तरच्या जंगलपट्ट्यातल्या गावाला जे जमले, ते मुंबई-हावडा मार्गावरच्या अकोला जंक्शनला का जमू नये?

माणसांची वानवा तर अजिबात नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला कावडी येतात. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन शिवभक्त मंडळे पायी चालत येतात आणि वाटेत त्यांचे चहापाणी, फराळ गावकरीच पाहतात. हा पसारा पेलणाऱ्या शहराला स्पर्धेला येणाऱ्या संघांची जेवणखाण्याची व्यवस्था जड जाणार नाही. मुलींना खेळात घालायचे का, हा प्रश्नही इथे नवा नाही. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुली बॉक्सिंग शिकतात. तिकडे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. नागपुरात विजय बारसे यांनी वस्तीतल्या पोरांपासून सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. त्यावर निघालेल्या चित्रपटामुळे ते काम घराघरांत पोहोचले. संघटनेच्या वेळापत्रकात विदर्भाची जागा मात्र चित्रपटाने ठरत नाही.

तेव्हा मागणी अशी. राज्याची महिला आंतरजिल्हा स्पर्धा एका हंगामात अकोल्यात घ्यावी, आणि जिजाबाई करंडकाच्या एका गटाचे सामने इथे व्हावेत म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आपण प्रस्ताव धाडावा. उन्हाळ्यात मात्र नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो. त्या उन्हात नव्वद मिनिटे खेळायला लावणे हा निव्वळ निर्दयपणा ठरेल. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला लोटणारी गर्दी आपल्याला ठाऊक असेलच. त्याच आठवड्यात सामने ठेवले, तर थंडीही असेल आणि प्रेक्षकही.

अकोल्यातल्या मैदानाची पाहणी पावसाळा सरताच करावी. गवत, मुलींसाठी कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहे आणि दिव्यांची सोय यांत जे उणे असेल, त्याची यादी जिल्हा संघटना आणि महापालिका या दोघांच्याही हाती लेखी द्यावी, म्हणजे जानेवारीत कुणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

कळावे,
जुने शहर, अकोला