शरीरात बसवलेले यंत्र कोणाचे?

माणसाच्या देहात यंत्र शिरले की त्यात माणूस किती उरला, हा प्रश्न विज्ञानकथांनी आपल्याला शिकवला. मला तो दुय्यम वाटतो. १९८७ च्या ‘रोबोकॉप’ चित्रपटात ठार झालेल्या पोलिसापासून यंत्रमानव घडवला जातो आणि तो त्याला घडवणाऱ्या कंपनीची मालमत्ता ठरतो. कंपनीच्या वरिष्ठांना अटक करता येऊ नये, असा छुपा आदेशही त्याच्या मेंदूत असतो. खरा प्रश्न मालकीचा आहे आणि तो आता वास्तवात उतरला आहे. अमेरिकेतील सेकंड साइट कंपनीने ‘आर्गस २’ हे ६० इलेक्ट्रोडचे कृत्रिम दृष्टिपटल जगभरात साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत बसवले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले, पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचारी काढले. यंत्र डोळ्यातच राहिले. बिघडले तर दुरुस्त करणारे कोणी उरले नाही.

रुग्णांनी समजून-उमजून संमती दिली होती, असे म्हणता येईल. पण ती संमती शस्त्रक्रियेच्या धोक्याला होती, कंपनीच्या ताळेबंदाला नव्हे. देखभालीच्या कडक अटी घातल्या तर छोट्या कंपन्या संशोधन सोडतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र आज धंदा बुडण्याचा धोका कंपनीऐवजी रुग्ण पेलतो, आणि हे अन्यायाचे आहे. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिले. देखभालीचा हक्कही तितकाच मूलभूत मानायला हवा. देखभालीचा निधी आणि यंत्राचे आराखडे त्रयस्थ संस्थेकडे ठेवल्याशिवाय अशा रोपणाला परवानगीच मिळू नये.