बेगडी सागवान

खुर्ची, कपाट आणि पलंग हे वाङ्मयविषयक मासिकाच्या चर्चेचे विषय होत काय, असा प्रश्न हा लेख पाहताच काही वाचकांच्या मनात उभा राहील. आमचे उत्तर असे की, आपण कशावर बसतो, कशावर निजतो आणि आपली पुस्तके कशात ठेवतो याचा विचार ज्या समाजाला करावासा वाटत नाही, त्याने रसिकतेच्या गोष्टी जरा जपूनच बोलाव्या. एखाद्या कवितेतील उपमा परक्या मुलखातून उसनी आणलेली दिसली की आमचे टीकाकार तिच्यावर तुटून पडतात. परंतु तीच टीका ज्या मेजावर लिहिली जाते ते मेज लाकडाच्या भुशाचे, त्यावरील सागवानाच्या रेषा छापील, आणि त्याचा घाट कोणत्या खंडातील कोणत्या हवेसाठी ठरला हे विकणारासही ठाऊक नाही, याचे मात्र कोणास काहीच वाटत नाही. शब्दांतील बेगड ओळखणारी दृष्टी घराच्या उंबऱ्याशी आली की मिटते, हे आमच्या मते सुशिक्षित वर्गास भूषणावह नाही.

साताऱ्यातील नव्या वसाहतीत जा अथवा सांगलीच्या विश्रामबागेत जा, नवीन घराचा दिवाणखाना एकच आहे. काटकोनात वळलेला एक अजस्र कोच, काचेचे एक ठेंगणे मेज, आणि एक सबंध भिंत व्यापून बसलेले दूरचित्रवाणीचे मखर. खिडकी कोठे आहे, वारा कोणीकडून येतो, घरात वृद्ध किती व मुले किती, यांपैकी कशाचाही त्या मांडणीशी संबंध नाही. पुष्कळदा कोच आधी पसंत होतो आणि त्याच्या सोयीसाठी खिडकी बुजते! यजमान मोठ्या अभिमानाने सांगतात, "अगदी चित्रात होते तसेच करून घेतले." चित्रात होते तसे झाले हे खरे, पण चित्रातील घर साताऱ्यास नव्हते, त्याची वाट काय?

आमच्या या दोन जिल्ह्यांइतका हवामानाचा वैचित्र्यपूर्ण पट्टा क्वचितच सापडेल. महाबळेश्वरी वर्षाकाठी 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो; त्याच सातारा जिल्ह्यातील माणदेशात 500 मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधान मानतो. एकीकडे चार महिने भिंतींना ओल आणि कपड्यांना बुरशी, दुसरीकडे आठ महिने तापलेली धूळ. लाकूड ही वस्तू तर हवेतील ओलावा पिऊन फुगणारी व तो सोडून आकसणारी. आणि हे फुगणे-आकसणे रेषांच्या दिशेने अत्यल्प, आडव्या दिशेने पुष्कळ. आमच्या सुतारास हे शास्त्राच्या भाषेत सांगता येत नसे. पण दार घडविताना तो चौकटीच्या खाचेत दिल्हा सैल बसवी, डिंकाने जखडून टाकीत नसे, कारण आषाढात तो फुगणार व वैशाखात आकसणार हे त्याच्या हातांस माहीत होते. आज मात्र महाबळेश्वर आणि म्हसवड या दोन्ही गावी एकाच कारखान्यातील एकच कपाट जाते. महाबळेश्वरी ते तळाकडून फुगते, म्हसवडला त्याची कड उन्हाने सुटते, आणि दोन्ही ठिकाणी मालक म्हणतो, "हल्ली वस्तू टिकतच नाहीत." वस्तूंचा यात काय अपराध?

जुन्या घरांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. त्यांत सामान थोडे असे, कारण घर स्वतःच सामान होते. वाईजवळ मेणवलीस कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा उभा आहे. त्या काळच्या वाड्यांची रीत ज्यास समजून घ्यावयाची असेल त्याने तेथे जावे. भिंतीची जाडी वाया न दवडता तिच्यात कोनाडे, देवळ्या व फडताळे कोरलेली. बसावयास ओटीची कड. पांघरुणास दांडी, पागोट्यास खुंटी, आणि तुळईस कड्या. त्या कड्यांना झोपाळा टांगला की बैठकही झाली आणि वाराही झाला. विजेच्या पंख्यापूर्वी माणसाने स्वतःच्या पायाच्या एका रेट्याने वारा उत्पन्न करावा आणि त्याच वेळी पोथी वाचावी किंवा मूल निजवावे, ही कल्पकता नव्हे तर काय? तीच गोष्ट बाजल्याची. चार खूर, चार गाते आणि सुंभाची वीण. खालून हवा खेळते, एका हाताने उचलते, दिवसा भिंतीशी उभे राहून जागा मोकळी करते, वीण सैल झाली तर घरच्या घरी ताणता येते. त्याला कोणी कलाकृती म्हटले नाही. परंतु जागा, हवा आणि शरीर या तिघांचे म्हणणे ऐकून जी वस्तू घडते तीच आमच्या मते खरी कल्पक वस्तू होय.

सांगलीजवळ हरिपुरास, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, याहून आश्चर्यकारक उदाहरण आहे. तेथील हळदीची पेवे म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठारे. तेथील मातीचा गुण ओळखून लोकांनी मातीचेच कपाट केले, आणि त्या कपाटात हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहिली. 2005 च्या महापुराने यातील पुष्कळ पेवे निकामी केली हे खरे, परंतु एका गावाने आपल्या पायांखालच्या जमिनीस "तू आमच्या काय उपयोगी पडशील?" असा प्रश्न विचारला व तिचे उत्तर ऐकून घेतले, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. आम्ही आज आमच्या जमिनीस काही विचारीत नाही. आम्ही विक्रेत्यास विचारतो.

याची किंमत सांगलीकरांनी मोजली आहे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले. 45 फूट ही तेथील धोक्याची पातळी. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांतून सामानाचे जे ढीग पडले, त्यांकडे ज्याने डोळसपणे पाहिले असेल त्यास आमचे म्हणणे निराळे पटवावे लागणार नाही. भुसा आणि रासायनिक डिंक दाबून केलेल्या फळ्या पाण्याने फुगून लापशीसारख्या झाल्या होत्या. त्या दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या आणि चुलीत घालण्याच्याही लायकीच्या नव्हत्या. भरीव लाकडाचा जुना पलंग किंवा शिसवी पेटी चिखलाने माखली तरी धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा घरात घेता येते. आणि नवल असे की, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत त्याच दुकानांतून तीच कपाटे त्याच घरांत परत आली! 2021 साली पुन्हा पूर आला. ज्या नदीच्या काठी आपण राहतो तिची वहिवाट ध्यानात घेऊन सामान करावे, हा विचार दोन पुरांनंतरही आम्हांस सुचू नये, यापरते कल्पनादारिद्र्य ते कोणते?

येथे एक दुसरा पंथ पुढे येईल व म्हणेल, "आम्ही तर परंपरेचे अभिमानी, आम्ही वाड्याच्या थाटाचे सामान करतो." या पंथाशीही आमचे जमत नाही. वाडा पाडावयाचा, त्याचे खांब व कोरीव चौकटी विकावयाच्या, त्या कोठल्या तरी उपाहारगृहात शोभेसाठी उभ्या राहावयाच्या, आणि इकडे आपल्या घरात प्लायवुडच्या कमानीवर यंत्राने कापलेली महिरप चिकटवावयाची, हा परंपरेचा अभिमान नव्हे. हे परंपरेचे श्राद्ध होय. कासच्या पठारावरील फुलांची चित्रे कपाटाच्या दारावर चिकटविल्याने ते कपाट साताऱ्याचे होत नाही. स्थळाचा संस्कार वस्तूच्या अंगी मुरावा लागतो. तो तिच्या अंगावर छापता येत नाही.

आणि कोणी असेही समजू नये की, आम्ही यंत्राचे वैरी आहोत किंवा परक्या कल्पनेस दार लावू पाहतो. 1910 साली औंध संस्थानातील ज्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली, तेथून नांगरांच्या पाठोपाठ लोखंडी फर्निचरही बाहेर पडू लागले. लोखंडाने लोखंड म्हणूनच घरात यावे, यात खोटे काय आहे? त्याने सागवानाचे सोंग घेतले असते तर आम्ही त्यासही हसलो असतो. त्यांना जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1938 साली औंधच्या टेकडीवर जे संग्रहालय उघडले त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही आहे. परकी कला आपल्या टेकडीवर आणावयाची तर ती पारखून आणावी, एवढाच त्यातील धडा. आजची आमची आयात पारखून केलेली नाही, ती केवळ दृष्टीस पडली म्हणून केलेली आहे.

बाहेरच्या जगातील अनुभवही आमच्याच पक्षाचा आहे. चंदीगड नगर वसत असता, 1950 नंतरच्या दशकात, पिएर जानरे या स्विस वास्तुकाराने तेथील कचेऱ्यांसाठी व विद्यालयांसाठी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या आखल्या. कल्पना परकी, पण हात तेथल्या सुतारांचे. आणि वेताची वीण का, तर तेथील उन्हाळ्यात पाठीस वारा लागावा म्हणून. पुढे आमच्याच लोकांनी त्या मोडीत काढल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांस लाखो रुपयांच्या बोली आल्या. शांतिनिकेतनात रथींद्रनाथ ठाकूर स्वतः लाकूडकाम करीत व सामानाचे आराखडे आखीत. कवीच्या पुत्रास त्यात कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे मात्र पदवीधर मनुष्य सुताराशी बोलतो तो केवळ भावाची घासाघीस करण्यापुरता.

मग आमच्या मुलखात हात उरले नाहीत काय? मिरजेस जाऊन पाहावे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरत आले तेव्हा शिकलगारांच्या घराण्याने तेच हात तंतुवाद्यांकडे वळविले. तुनाचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा, आणि पिढ्यान्पिढ्यांचा कान, एवढ्या भांडवलावर मिरजेचा तंबोरा देशभर गेला. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचे लाकूड कच्चे असेल तर तो बोलून दाखवितो. कपाटाचे लाकूड खोटे असले तरी ते मुकेच राहते, म्हणून आमची फसवणूक चालते. ज्या जिल्ह्यात भोपळ्याची पोकळी आणि लाकडाची जाडी बोटाने चाचपून सांगणारे कारागीर आहेत, त्या जिल्ह्याने आपली खुर्ची छापील चित्रावरून मागवावी, हे लज्जास्पद आहे.

आता आक्षेप. पहिला खर्चाचा. भरीव लाकूड महाग, हे आम्हांस मान्य आहे. पण सागवानच पाहिजे असा हट्ट कोणी सांगितला? बाभळीने आमचे नांगर आणि गाड्यांची चाके पेलली. आंबा, कडुलिंब, फणस ही झाडे आमच्या बांधांवरची आहेत. शिवाय वस्तूची किंमत तिच्या आयुष्याने भागून पाहावी. सात वर्षांत तीनदा घेतलेले कपाट स्वस्त, आणि नातवापर्यंत पोहोचणारे एकच कपाट महाग, हे गणित आम्हांस कोणत्या शाळेत शिकविले? दुसरा आक्षेप असा की, सुतार वेळेवर येत नाही व कबूल केलेले करीत नाही. यात तथ्य आहे. परंतु ज्याच्याकडे आपण वर्षातून एकदा बिजागरी बदलण्यापुरतेच जातो, त्याने आपले कसब कोणाच्या आशेवर जतन करावे? त्याचा मुलगा आज तयार फळ्या स्क्रूने जोडण्याच्या कामास जातो. त्याच्या बापाच्या हातची कूस आणि खाच त्याच्या हाती आली नाही, आणि ती एका पिढीत तुटली म्हणजे पैसे देऊनही पुन्हा मिळत नाही. खरी हानी येथे आहे. कोच कुरूप दिसतो ही तिच्यापुढे लहान गोष्ट.

म्हणून आमचे वाचकांस एवढेच सांगणे आहे की, घरातील पुढची एक वस्तू, फक्त एक, विकत न घेता घडवून घ्यावी. तीपूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावे: उजेड कोठून येतो? ओल कोठे धरते? यावर कोण व कसे बसणार? आणि मोडल्यास हे कोण दुरुस्त करील? सांगलीत नदीकाठी राहणाराने असे कपाट करावे की ज्याचे दोन भाग होऊन वरचा भाग दोघांनी माडीवर न्यावा, आणि खालचा भिजला तरी धुऊन वाळावा. तुळईत किंवा छतात चार भक्कम कड्या ठेवाव्या, म्हणजे एरवी झोपाळा आणि प्रसंगी पेट्या टांगण्याची सोय होईल. साताऱ्यात ज्याच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो त्याने त्या खिडकीस कोचाने पाठ न दाखविता तिच्याशी हातभर उंचीची एक रुंद बैठक करावी, जिच्यावर मांडीही घालता येईल आणि गुडघे दुखणाऱ्या आजीस पायही सोडता येतील. माणदेशात चिरा पडणाऱ्या सलग फळीऐवजी विणीची बैठक करावी. यात चमत्कार कोणताच नाही. परंतु अशी वस्तू दुसऱ्या गावी नेली तर तिला थोडे परके वाटेल, आणि तेच तिच्या अस्सलपणाचे प्रमाण होय.

आपल्या मुलांस आपण आपली भाषा टिकविण्याचा उपदेश करतो. ज्या घरात फडताळ नाही तेथे फडताळ हा शब्द टिकणार नाही. ज्या घरात घडवंची, तिवई, चौरंग, मांडणी यांपैकी काहीच उरले नाही, तेथे ते शब्द कोशात जाऊन निजतील. भाषेची चिंता सभांतून व्यक्त करणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी सभा आटोपल्यावर ज्या खुर्चीवरून उठावयाचे तिच्याकडे एकवार खाली वाकून पाहावे, आणि तिच्या पायावरील सागवान नखाने खरवडून पाहावे.