बोटीवर पहारा वाढला, माणसं मात्र तेवढीच

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या अनेक घरांतला पोरगा बोटीवर असतो. बोट बंदराला लागली की आता चार दिवस आराम, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात बंदरातच झोपेचे हाल होतात.

अमेरिकेतल्या २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाज आणि बंदरांच्या सुरक्षेची नियमावली केली. तिला आयएसपीएस कोड म्हणतात. १ जुलै २००४ पासून ती लागू आहे. त्यानुसार बोट बंदरात असली की शिडीवर रात्रंदिवस पहारा लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद, सामानाची तपासणी, बंद ठेवायच्या जागांवर फेरी, वर ड्रिल आणि कागदपत्रं. हे सगळं करायला वेगळी माणसं सहसा येत नाहीत. माल चढवणं-उतरवणं चालू असताना त्याच वीस-बावीस जणांतला एक शिडीवर उभा राहतो. सुरक्षा अधिकारीही असलेल्या अधिकाऱ्यांपैकीच एक.

नियम चुकीचा आहे का? तसं म्हणता येणार नाही. धोका खरा आहे. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. त्याच महिन्यात भारतीय नौदलानं 'रुएन' जहाजावरच्या १७ जणांना सोडवलं आणि ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणलं. अशा भागातून जाताना टेहळणीला जादा माणूस लागतोच.

पण अर्धवट झोपेतला पहारेकरी काय पहारा करणार? चाचा तर दिसणार नाहीच, दोरखंड तुटला किंवा पाय घसरला तर स्वतःचाही जीव जायचा. चाच्यांच्या भीतीनं दारं बंद करतात, तीच आग लागल्यावर आतून चटकन उघडली नाहीत तर सापळा होतो. म्हणूनच सुरक्षा आणि जीविताची काळजी यात अडचण आली तर जीविताचा नियम वरचढ, असं सागरी कायदाच सांगतो.

किमान किती माणसं हवीत हे ठरवताना सुरक्षेचं वाढीव काम धरावं, असंही याच नियमावलीत आहे. मात्र ते मार्गदर्शनाच्या भागात, सक्तीच्या नाही. खरी गोम इथंच आहे. मालक सक्तीची किमान संख्या भरतो आणि मोकळा होतो.

विश्रांतीचा नियम मात्र सक्तीचा आहे. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७ तास. त्या १० तासांचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि त्यातला एक सलग ६ तासांचा हवा. कागदावर हे तास नीट भरतात, पाठीला माहीत असतं किती टेकली ते.

या तासांच्या नोंदीची प्रत मिळणं हा खलाशाचा हक्क आहे. खोट्या तासांवर सही करू नये. तक्रार आधी बोटीवर करता येते, नाही ऐकलं तर मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे. पुढच्या फोनवर पगार विचारण्याआधी घरच्यांनी एवढंच विचारावं: काल सलग किती तास झोपलास?