शेजाऱ्याची सुनावणी

एखाद्या मोठ्या कंपनीचे मुख्यालय उभे राहायचे ठरले की वर्तमानपत्रात त्याचे रंगीत चित्र छापून येते. निळ्या काचा, पुढे कारंजे, रांगेने लावलेली झाडे आणि टाय लावलेली चार माणसे. शेजारची वस्ती त्या चित्रात कधीच नसते. हे चित्र काढणाऱ्याचे विस्मरण आहे असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही.

वडूजच्या माणसांना या मुख्यालयांशी काय देणेघेणे, असा प्रश्न कुणी विचारील. येरळेला बारमाही पाणी नाही, तिथे काचेचे इमले कोण बांधणार? पण खटाव-माणच्या दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराघरांतून माणसे बाहेर काढली. कुणी गिरणीत गेला, कुणी माथाडी झाला, कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात गेला. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार, बागवान यांच्या घरांतलीही पोरे त्याच एसटीने गेली. मुंबईत गेलेला गरीब माणूस भाडे परवडेल तिथे राहतो. तो मुसलमान असेल तर खोली मिळेल तिथे राहतो. म्हणून बेहरामपाडा, भारतनगर, कुर्ला ही नावे आमच्या कानांना परकी नाहीत. आणि म्हणूनच त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाबद्दल बोलण्याचा हक आम्ही सोडणार नाही.

हे संकुल कसे झाले ते पाहा. दक्षिण मुंबईतली कचेऱ्यांची गर्दी कमी करायची, या हेतूने मिठी नदीच्या मुखाजवळची दलदलीची जमीन निवडली गेली. १९७७ साली एमएमआरडीएला तिथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. सुमारे ३७० हेक्टरांचा हा पट्टा. त्यावर भराव पडला, तिवरे गेली, नदीचे पात्र आखून बांधून घेण्यात आले. मग एकामागून एक मोठी नावे आली. राष्ट्रीय शेअर बाजार आला, सेबी आली, नाबार्ड आली, आयसीआयसीआय बँकेचे कॉर्पोरेट कार्यालय आले, २०१० साली भारत हिरे बाजारही सुरू झाला.

जवळच बेहरामपाडा आहे. तिथली जमीनही दलदलीचीच होती. लोकांनी माती-राडारोडा आणून ती भरली आणि त्यावर घरे उभी केली. म्हणजे दोघांनीही एकच काम केले. एकाने पाटीने भर घातली, दुसऱ्याने डंपरने. पाटीवाल्याच्या कामाला सरकारदरबारी अतिक्रमण म्हणतात आणि डंपरवाल्याच्या कामाला विकास. पाटीवाल्याला कागद मागतात. डंपरवाल्याचे कागद सरकारच तयार करून देते. कायद्याच्या नजरेत हा फरक असेल, ते आम्ही नाकारत नाही. पण पाण्याच्या नजरेत तो नव्हता.

२६ जुलै २००५ ला पाण्याने हे दाखवून दिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमच्याकडे दोन-दोन वर्षांत मिळून एवढा पाऊस पडला तर नशीब समजायचे. मिठीला पसरायला जागा उरली नव्हती. भरती होती. कुर्ला, कलिना भागांतल्या घरांत पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली, शिधापत्रिका आणि दाखले गेले. कागदावाचून गरीब माणसाला भारतात पुन्हा जन्म घ्यावा लागतो, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मिठीच्या कोंडीत झोपड्यांचाही वाटा होता, कारखान्यांचाही होता, विमानतळाचाही होता. पण पुढे हटवायची यादी निघाली तेव्हा तीत पहिली नावे कुणाची होती? काचेच्या इमारतीला कुणी नोटीस चिकटवली नाही. तिच्या काचेवर ती चिकटलीच नसती!

पुढे २००८ साली वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला मुंबईतला पहिला स्कायवॉक झाला. कचेरीत जाणारा माणूस वस्तीच्या डोक्यावरून चालत जाऊ लागला. गटार, नळावरची रांग, मदरशातून सुटलेली पोरे, हे सारे त्याच्या पायाखालून गेले. पुढे तो स्कायवॉक धोकादायक ठरून बंद पडला आणि साहेब लोकांना पुन्हा जमिनीवर यावे लागले. पण नियोजन करणाऱ्यांची नजर अजून वरूनच चालते.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या सातारा जिल्ह्यात एखाद्या मोठ्या साखर कारखान्याचा विस्तार निघाला की पर्यावरणाच्या परवानगीआधी जनसुनावणी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो. ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. कुणीही शेतकरी उठून मळीच्या पाण्याबद्दल, विहिरीबद्दल बोलतो आणि त्याचे बोलणे इतिवृत्तात लिहावे लागते. सुनावणीचे नाटक होते, माणसे ट्रॉल्या भरून आणली जातात, हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी दारात उभे राहायला एक पायरी असते.

मुख्यालयाला ही पायरीसुद्धा नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने २० हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरण परवानगी सक्तीची केली. पण त्याच अधिसूचनेने इमारत आणि नगरवसाहतीच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. म्हणजे हजारो माणसे आणि गाड्या रोज गिळणारी, पाणी ओढणारी, सांडपाणी सोडणारी, शेजारच्या घरांचे ऊन-वारे अडवणारी इमारत उभी राहील, आणि शेजाऱ्याला एक शब्द बोलायला बोलावण्याचे बंधन कुणावर नाही. विकास आराखड्यावर हरकती घेता येतात हे खरे. परंतु तो आराखडा असतो, अमुक एक इमारत नव्हे. आणि त्याचे नकाशे वस्तीतल्या किती माणसांपर्यंत पोहोचतात? आमचे म्हणणे एवढेच आहे की ही सूट रद्द झाली पाहिजे. वस्तीला लागून मोठे मुख्यालय येत असेल तर सुनावणी त्याच वस्तीत, तिच्या भाषेत, पाया खणण्याआधी झाली पाहिजे.

यावर पहिले उत्तर तयार असते: "रोजगार मिळतो ना?" मिळतो. रात्रपाळीचा वॉचमन, लादी पुसणारी बाई, जेवणाचे डबे नेणारा, चहाची टपरी चालवणारा, ही कामे वस्तीला मिळतात, तीही बहुतेक ठेकेदाराकडून. टपरी तर उद्घाटनाला मोठा पाहुणा आला की आधी उचलतात. आम्ही कामाला कमी लेखत नाही. पण शेजाऱ्याला नोकर ठेवले म्हणून त्याच्या शेजारपणाचा हिशेब मिटत नाही.

दुसरे उत्तर आपल्याच बिरादरीतल्या काही पुढाऱ्यांचे असते. "मुसलमानांची वस्ती म्हणूनच हे होते," असे म्हणून ते मोकळे होतात. १९९२-९३ मध्ये बेहरामपाड्याने काय सोसले ते आम्ही विसरलेलो नाही. वस्तीकडे पाहण्याची नजर त्या काळाने अधिक कडू केली, हेही खरे. पण एवढ्यावर थांबणारा माणूस सातारच्या गिरणी कामगाराचे काय झाले ते पाहत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी मिळायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लोअर परळला भोंग्याच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या आणि चाळीतला कदम, जाधव, शिंदे त्यांच्या सावलीत गेला. त्याचा मजहब कुणी विचारला होता? हा घाव धर्म पाहून खोल-उथळ होतो, पण पडतो गरिबीवर. म्हणून बेहरामपाड्याने एकट्याने रडण्यापेक्षा परळच्या चाळीचा हात धरणे शहाणपणाचे. जमातीच्या नावाने मोर्चा काढणारे पुढारी हा हात धरू देत नाहीत, कारण मग त्यांच्या पुढारपणाला गिऱ्हाईक उरत नाही.

जुन्या मुस्लिम कायद्यात शुफा नावाचा हक होता. शेजारची मिळकत विकली जात असेल तर ती आधी घेण्याचा हक शेजाऱ्याला असे. केवळ शेजारी आहे एवढ्यावर असा हक मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ठरवले. ते योग्यच झाले; त्या हकाच्या आडून नको असलेल्या माणसाला मोहल्ल्याबाहेर ठेवता येत असे, आणि आज खोली नाकारली जाण्याचे दुःख आपल्याइतके कुणाला कळणार? आम्ही शुफा परत मागत नाही. पण त्यामागचे तत्त्व टाकाऊ नव्हते. भिंतीपलीकडे काय होते त्याच्याशी भिंतीअलीकडच्या माणसाचा संबंध असतो, एवढे त्या जुन्या फकिहांना उमगले होते. संविधानाच्या राज्यात त्याचे रूप खरेदीचा नव्हे, सुनावणीचा हक हे असले पाहिजे.

आणि हे सारे मुंबईपुरते नाही. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडजवळ बंगळूर-मुंबई औद्योगिक मार्गिकेतले औद्योगिक क्षेत्र आखले गेले आहे. उद्योग यावेत, आमच्या पोरांनी मुंबईची एसटी धरू नये, असे आम्हालाही वाटते. पण कुणाचे शिवार, कुणाची विहीर, कुणाचे कब्रस्तान, कुणाची स्मशानभूमी कुठल्या रेषेत येते, हे नकाशा पक्का होण्याआधी गावाच्या चावडीवर मराठीत वाचून दाखवले पाहिजे. जमात कमिटीने, ग्रामसभेने, आपल्या शिकलेल्या पोरापोरींनी गट नंबर हातात घेऊन तो नकाशा मागितला पाहिजे. आपल्यातले वकील आणि मास्तर तलाकवर तासन्‌तास बोलू शकतात. त्यांनी एक संध्याकाळ या नकाशाला द्यावी.

९ सप्टेंबर १९४२ ला याच वडूजच्या कचेरीवर माणसे चालून आली होती. गोळीबारात नऊ जणांनी प्राण दिले. त्यांनी सरकारला विचारले होते की आमच्या मुलखाचे तुम्ही आम्हाला न विचारता कसे ठरवता. आज कचेरी आपली आहे, गोळी चालायची भीती नाही, अर्जाला तिकीटही फारसे लागत नाही. तेव्हा जावे, अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे.